महिरपीचं वळण आणि पात्याची रुंदी: बँडसॉचं पातं कसं निवडायचं?

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी लोक पुन्हा कापड, बांबू, लाकडाकडे वळू लागले. त्यातल्या काहींची हौस पुढे गेली. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून इंचभर जाडीची सागाची फळी आणायची, बाल्कनीत छोटा बँडसॉ मांडायचा आणि महिरप घरीच कापायची. फळी येते, मशीन येतं, पेन्सिलीची रेघही सुंदर उमटते. मग पातं आणायला गेलं की दुकानदार विचारतो, “किती सुती? किती दाती? हुक का स्किप? कार्बन का बायमेटल?” आणि गिऱ्हाईक गप्प.

चारही प्रश्न खरे आहेत, पण सारख्या वजनाचे नाहीत. कठीण लाकडात वळण कापायचं असेल तर आधी आपल्या रेघेतलं सर्वांत लहान वळण बघायचं, त्यावरून पात्याची रुंदी ठरते. मग लाकडाची जाडी बघायची, त्यावरून दाते ठरतात. एवढं नक्की केलं की हुक-स्किप आणि कार्बन-बायमेटलचा निकाल बराचसा आपोआप लागतो. बहुतेक लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी “चांगल्या कंपनीचं” पातं घेतात आणि मग त्यात वळण बसवायला बघतात.

आधी मशीन समजून घेऊ

बँडसॉमध्ये एकावर एक दोन चाकं असतात आणि त्यांच्यावरून पट्ट्यासारखं एक अखंड पातं फिरतं. पात्याच्या एका कडेला दाते, दुसरी कड सपाट. लाकूड टेबलावर ठेवून दात्यांकडे रेटायचं. पातं सतत वरून खाली जात असल्यामुळे ते लाकडाला टेबलावर दाबूनच धरतं. लाकूड हाताने हवं तसं फिरवता येतं ते यामुळे. वखारीत ओंडके फाडणारं अजस्र मशीन याच जातीचं, फक्त तिथलं पातं तळहाताएवढं रुंद असतं आणि त्याने सरळच जायचं असतं. वखारवाल्याचा सल्ला फळ्या पाडण्यासाठी सोन्यासारखा, महिरपीसाठी मात्र फारसा उपयोगाचा नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. दाते एका रेषेत नसतात, आळीपाळीने थोडे डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात. याला सेट म्हणतात. सेटमुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या अंगापेक्षा थोडी रुंद होते. वळायला जी काही जागा मिळते ती एवढीच, मिलिमीटरच्या काही दशांशांची.

रुंद पातं वळत का नाही?

शनिवार पेठेतल्या एखाद्या बोळात बारा मीटर लांबीची बस घालून ती कोपऱ्यावर वळवायचा प्रयत्न करा. पुढचं तोंड वळेल, पण मागचा भाग भिंतीला घासेल. त्याच बोळात रिक्षा सहज वळते. इथे बोळाची रुंदी म्हणजे लाकडातली चीर आणि गाडीची लांबी म्हणजे पात्याची रुंदी, दात्यांच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंतची. दाते वळायला तयार असतात, पातं अडतं ते पाठीकडून.

पाठ घासायला लागली की तापते. सागावर काळे डाग पडतात आणि जळका वास येतो. तरीही रेटत राहिलं तर पातं पिळलं जातं, रेघ सोडतं, आणि शेवटी चाकावरून उतरतं किंवा जोडापाशी तुटतं.

किती रुंदीचं पातं किती वळतं, याचे ठोकताळे गेली अनेक वर्षं जगभर वापरात आहेत. आपल्याकडे सुतार रुंदी सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्या हिशेबाने दोन सुती, म्हणजे पाव इंची किंवा ६ मिमीचं पातं साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं. तीन सुती, १० मिमीचं पातं सुमारे ३६ मिमीपर्यंत. चार सुती, अर्धा इंची पात्याला जवळजवळ ६४ मिमी त्रिज्या लागते. पाऊण इंचीला तर १३० मिमीच्याही पुढे.

हे आकडे नीट बघा, त्यांत एक मेख आहे. पाव इंचावरून अर्ध्या इंचावर गेलो तर रुंदी दुप्पट झाली, पण त्रिज्या १६ वरून ६४ म्हणजे चौपट झाली. पाव इंची वळतं, तर अर्धा इंची थोडं कमी वळत असेल, असा सगळ्यांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात ते फारच कमी वळतं. कारण भूमितीतलं आहे. वर्तुळाच्या कडेला सरळ पट्टी टेकवली तर पट्टीचं टोक वर्तुळापासून जितकं दूर जातं, ते अंतर पट्टीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लांबी दुप्पट, अंतर चौपट. चिरीतली जागा तर तेवढीच आहे, म्हणून मग वळणच चौपट मोठं घ्यावं लागतं.

कंपास नसेल तरी मोजता येईल. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे त्रिज्या साडेतेरा. पाव इंची पात्याला हे वळण थोडक्यात जमत नाही. जुन्या सीडीची त्रिज्या ६० मिमी. अर्धा इंची पात्याला तेही थोडक्यात जमत नाही. रेघेवरच्या सर्वांत लहान वळणावर नाणं ठेवून बघा, सीडी ठेवून बघा. दुकानात जाण्याआधीच निम्मं काम झालेलं असेल.

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नाही. सेट जास्त असेल तर पातं थोडं अधिक वळतं, झिजलेलं असेल तर कमी. पात्याच्या पाठीचे दोन टोकदार कोपरे धारेच्या दगडाने गोलसर केले तरी फरक पडतो, कारण घासणारे तेच असतात. मशीन चालू ठेवून दगड पाठीला हलके टेकवायचा. मात्र आधी आतला भुसा साफ करायचा, कारण ठिणग्या उडतात.

मग सगळ्यात अरुंद पातंच का घेऊ नये?

हा प्रश्न हमखास येतो. एक सुती पातं १० रुपयांच्या नाण्याभोवतीही आरामात फिरतं, मग बाकी भानगड कशाला?

कारण अरुंद पात्यात ताकद नसते. लाकूड रेटलं की पातं मागे वाकतं. पातळ फळीत हे जाणवत नाही. दोन-तीन इंच जाड शिसवात मात्र वरच्या बाजूला रेघ बरोबर कापली जाते आणि खालून बघितलं तर काप भलतीकडे गेलेला असतो, कडेला पोट आलेलं असतं. शिवाय महिरपीच्या पायाकडचा सरळ भाग अरुंद पात्याने लाटेसारखा होतो, कारण ते लाकडातल्या मऊ रेषा शोधत भरकटतं. एक सुती पात्याला साधे लोखंडी गाइडही, म्हणजे पातं जागेवर धरणारे आधाराचे ठोकळे, चालत नाहीत. पातं जरा मागे सरकलं की दाते गाइडला घासून बोथट होतात. लाकडाचे किंवा तशाच मऊ वस्तूचे ठोकळे बसवावे लागतात.

म्हणून नियम असा: आपल्या रेघेतलं सर्वांत लहान वळण ज्या-ज्या पात्यांना जमतं, त्यांतलं सर्वांत रुंद पातं घ्यायचं.

आणि ते सर्वांत लहान वळण शोधताना एक गफलत टाळायची. मराठी वाड्यांतली महिरप पाकळ्यापाकळ्यांची असते. दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथे एक टोक येतं. नवखा माणूस ते टोक बघून घाबरतो आणि एक सुती पातं मागतो. पण ते टोक म्हणजे वळण नव्हेच. टोक पोकळीकडे आलेलं असतं, तिकडचं लाकूड जाणारच आहे. एका पाकळीची रेघ कापत यायची, टोक ओलांडून तसंच पुढे टाकाऊ भागात निघून जायचं, मग दुसऱ्या पाकळीची रेघ नव्याने पकडायची. दोन काप एकमेकांना छेदले की टोक आपोआप मोकळं होतं. पाकळ्यांची त्रिज्या ४०-५० मिमी असेल तर अशी महिरप तीन सुती पात्याने निघते. उलट, कोपरा ठेवायच्या लाकडात आत घुसत असेल तर तिथे पातं वळवायच्या फंदात न पडता आधी ड्रिलने भोक पाडायचं.

दाते किती?

दात्यांची संख्या इंचाला मोजतात. सहा दाती म्हणजे इंचाला सहा दाते, यालाच टीपीआय म्हणतात. दुकानात कोणताही शब्द चालतो.

इथे एक समज फार घट्ट बसलेला आहे: बारीक दाते म्हणजे स्वच्छ काप. अर्ध्या इंचाच्या फळीत ते खरं आहे. जाड, कठीण लाकडात बरोबर उलटं घडतं. दोन दात्यांच्या मधली खाच नुसती रिकामी जागा नसते. दाता लाकडात शिरला की त्याने काढलेला भुसा बाहेर पडेपर्यंत त्या खाचेतच साठतो. लाकूड जाड आणि खाच चिमुकली असेल तर ती मधेच भरते. भरली की दाता कापायचं थांबून घासायला लागतो. घासला की तापतो. मग तुम्ही जोर लावता, पातं वाकतं, आणि दोष लाकडाला दिला जातो.

ठोकताळा असा की कोणत्याही क्षणी लाकडात निदान तीन दाते हवेत, सहा ते बारा असले तर उत्तम, चोवीसच्या वर नकोत. तीनपेक्षा कमी असले तर प्रत्येक दाता एकटाच मोठा घास घेतो, कड फाटते, दाता तुटूही शकतो. इंचभर जाडीच्या सागाला सहा दाती पातं लावलं तर सहा दाते आत असतात, छान. त्याच पात्याला अर्ध्या इंचाची फळी दिली तर तीनच, म्हणजे काठावर पास; तिथे दहा किंवा चौदा दाती बरं. झोपाळ्याच्या किंवा खुर्चीच्या तीन इंची पायाला चौदा दाती लावलं तर बेचाळीस दाते आत अडकतात. तिथे चार दातीच हवं.

काप थोडा खरबरीत आला तर येऊ द्या. महिरपीची कड कानस आणि सँडपेपरने घासायचीच आहे. जळलेली कड घासून काढायला जास्त वेळ जातो.

दात्यांचे आकार तीन. रेग्युलर म्हणजे सरळ उभे, जवळजवळ बसलेले. स्किप म्हणजे मधला एकेक दाता गाळल्यासारखे, मोठ्या खाचांचे. हुक म्हणजे साधारण दहा अंश पुढे झुकलेले, लाकडात चटकन घुसणारे. इंच-दीड इंच कठीण लाकडात वळणासाठी हुक मिळालं तर हुक घ्या, नसेल तर स्किप. दोन सुती रुंदीत जे मिळेल ते चालतं, यावर झोप उडवून घेऊ नका.

साग, शिसव आणि पात्याचा धातू

साग घनमीटरला साधारण ६५० किलो, शिसव ८०० च्या आसपास. तरी पात्याची धार लवकर घालवण्यात साग अजिबात मागे नाही. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. हाताला मऊ लागणाऱ्या सागाने पातं बोथट केलं म्हणून अनेक जण चकित होतात, त्याचं कारण हे.

मग बायमेटल घ्यावं का? बायमेटल पात्यात पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची आणि दात्यांची कड हायस्पीड स्टीलची असते. धार साध्या कार्बन स्टीलपेक्षा कितीतरी जास्त टिकते. पण विकत घेण्याआधी त्याची जाडी बघा. अरुंद बायमेटल पाती बऱ्याचदा ०.९ मिमी जाडीची असतात, साधी कार्बनची ०.६ किंवा त्याहून पातळ.

जाडीने काय बिघडतं? चौदा इंची चाकांच्या मशीनवर सुमारे २३७५ मिमी लांबीचं पातं मिनिटाला साधारण ९१५ मीटर वेगाने धावतं. म्हणजे मिनिटाला ३८५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर दोनदा वाकतं आणि दोनदा सरळ होतं. मिनिटाला ७७० वेळा वाकणं झालं. वाकताना येणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि चाक लहान असेल तर आणखी वाढतो. चौदा इंची चाकावर ०.६ मिमी ठीक. बाल्कनीत मावणाऱ्या आठ-नऊ इंची मशीनला ०.३५ ते ०.५ मिमीचं पातं हवं. तिथे ०.९ चं महागडं बायमेटल लावलं तर दाते शाबूत असतानाच पातं तडकतं.

माझं मत विचाराल तर छोट्या मशीनवर साधं कार्बनचं पातं लावा आणि वेळेवर बदला. कार्बाइडचे दाते बसवलेली पाती वळणासाठी विसराच. ती प्रामुख्याने रुंद असतात आणि फळ्या फाडण्यासाठी असतात.

पातं जोडापाशीच का तुटतं?

दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबाग वाडा उभा राहत होता त्याच सुमारास, १८०८ साली, विल्यम न्यूबेरी यांनी इंग्लंडमध्ये बँडसॉचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर होती, पण पुढची काही दशकं मशीन काही चालेना. पट्टीची दोन टोकं जोडली की जोड वाकून-वाकून तुटायचा. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपां यांनी जोडाची पद्धत सुधारली आणि त्यानंतर बँडसॉ खऱ्या अर्थाने कारखान्यांत आला. वाड्याच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम अर्थातच हातकरवत आणि पटाशीचं.

जोड आजही तेवढाच नाजूक आहे. दुकानदार गुंडाळीतून पट्टी कापून तुमच्या मापाला वेल्ड करून देतो. घेताना जोडाची पाठ सरळ ओळीत आहे का बघा, आणि गाठ दोन्ही बाजूंनी घासून सपाट केलेली हवी. मशीन चालू असताना ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल तर जोड गाइडवर आपटतोय असं समजा आणि पातं परत करा.

“आमचा सुतार एकाच पात्यावर सगळं करतो!”

करत असेल, आणि त्यात जादू नाही. तो टाकाऊ बाजूने रेघेपर्यंत आडवे-आडवे काप आधी मारून ठेवतो. मग मुख्य रेघ कापताना बाजूचं लाकूड तुकड्या-तुकड्याने गळून पडतं. मागे भिंतच उरत नाही, तर पाठ घासणार कशाला? या युक्तीने तीन सुती पात्याकडून दोन सुतीचं काम काढता येतं. बाहेरच्या गोलाईसाठी तो रेघेला स्पर्श करणारे सरळ काप मारून कोपरे उडवत जातो आणि उरलेलं घासून घेतो. दोन्ही गोष्टी शिकून घ्याव्यात अशाच आहेत.

एकच सवय त्याची उचलू नका, ती म्हणजे मशीन चालू असताना अडकलेलं लाकूड मागे ओढणं. मागे ओढलं की पातं चिरीत अडकून पुढे खेचलं जातं आणि चाकावरून उतरतं. मशीन बंद करा, चाकं पूर्ण थांबू द्या, मग लाकूड काढा. वरचा गाइड लाकडापासून पाच-सहा मिमी उंचीवरच ठेवा. पात्याला आधार मिळतो आणि बोटांसमोर उघडं पातंही कमी राहतं. हातमोजे घालू नयेत.

जिगसॉ आहे, सीएनसी आहे, मग हा खटाटोप कशाला?

अर्ध्या-पाऊण इंचाच्या फळीला जिगसॉ, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी विजेची करवत, पुरतो. त्याचं पातं एकाच टोकाला धरलेलं असतं, त्यामुळे जाड सागात खालचं टोक हवं तिकडे जातं. सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं मशीन, एकाच नक्षीच्या पन्नास प्रती काढायला उत्तम, पण तीन इंची जाडीचा वळणदार पाय काढायला तो लाकडाचा ढीगभर भुसा करतो. बँडसॉला तिथे एक बारीक चीर पुरते, आणि उरलेला तुकडाही कामाला येतो. चारी बाजूंनी बंद असलेली जाळी मात्र बँडसॉला जमणार नाही. पातं अखंड असल्यामुळे ते भोकातून ओवता येत नाही. तिथे जिगसॉच.

धार लावून पुन्हा वापरता येईल का?

दाते कडक केलेले नसतील तर त्रिकोणी कानशीने धार लावता येते. आजकालच्या बहुतेक पात्यांची कड मात्र कडक केलेली असते. तिच्यावरून कानस नुसती घसरते. शिवाय धार लावताना सेट कमी होतो, आणि वळणासाठी तर सेटच महत्त्वाचा. दोन सुती पात्यासाठी हा उद्योग करू नये.

दुकानात काय सांगायचं?

सर्वसाधारण हौशी कामासाठी दोन पाती पुरे: दोन सुती सहा दाती आणि तीन सुती चार दाती. महिरप, खुर्चीची पाठ, कंस, खेळणी, सगळं यांत येतं. त्याबरोबर जाडी सांगा आणि लांबी सांगा. लांबी जुन्या पात्यावर दोरी धरून मोजू नका, हमखास चुकते. चाकाच्या व्यासाला ३.१४ ने गुणा, त्यात दोन चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट मिळवा. चाक ३५६ मिमी आणि केंद्रांतलं अंतर ६२८ मिमी असेल तर १११८ अधिक १२५६, म्हणजे २३७४ मिमी. वरचं चाक ताणाच्या स्क्रूवर वर-खाली सरकतं, तेव्हा मोजताना ते त्याच्या चालीच्या मधोमध आणून ठेवा.